मध्यंतरानंतर अकरा डोकी

खिडकीवरच्या कागदात एकशे त्रेचाळीस तिकिटं होती आणि आत अकरा डोकी. गुणवंतरावांनी मुठीतलं मोजणीयंत्र शून्यावर आणलं आणि दुसऱ्यांदा मोजलं. बाल्कनीत तीन, खाली आठ. खालच्या आठांतला एक पुढच्या खुर्चीवर पाय टाकून चक्क घोरत होता. त्याला मोजावं की नाही असा प्रश्न एकतीस वर्षांपूर्वी, नोकरी नवी असताना, त्यांना पडला असता. आता पडत नव्हता. घोरणाऱ्यानंही तिकीट काढलेलं असतं. पडद्यावर एक यान फुटत होतं. त्याच्या उजेडात मनोरमा टॉकीजच्या रिकाम्या खुर्च्यांच्या पाठी लाल व्हायच्या, पुन्हा काळ्या पडायच्या, आणि दर वेळी लाल झाल्या की गुणवंतरावांना वाटायचं, आता दिसतील, उरलेली एकशे बत्तीस माणसं आता खुर्च्यांखालून उठून बसतील. कुणी उठलं नाही. भिंतीकडच्या मोठ्या कूलरांतून ओल्या वाळ्याचा वास येत होता, बाहेर दारव्ह्याचा मंगळवार पंचेचाळीस डिग्रीत भाजून निघत होता, आणि गुणवंतरावांच्या पोटात, बेंबीच्या जरा वर, ती जुनी ओळखीची कळ उठली. कुठंतरी कुणीतरी आपल्याला बनवतं आहे हे डोक्याला कळण्याआधी त्यांना तिथं कळायचं.

अमरावतीच्या एका वितरकाच्या कचेरीतले ते माणूस. कंपनीचा सिनेमा ज्या गावात लागेल तिथल्या लॉजवर आठ दिवस मुक्काम करायचा, रोजच्या चारही खेळांना मध्यंतर झाल्यावर दहा मिनिटांनी आत शिरायचं, डोकी मोजायची आणि ती खिडकीवरच्या आकड्याशी ताडून पाहायची, एवढंच काम. मध्यंतरानंतरच, कारण तोवर उशिरा येणारे सगळे आलेले असतात. या कामानं त्यांना माणसांकडे पाहण्याची एक रीत दिली होती. दारवान हसला की त्यांना वाटायचं, हा न फाडलेली तिकिटं परत खिडकीत पोचवतो. मालकानं चहा पाजला की वाटायचं, बाल्कनीत फुकटे बसवले आहेत. चोरी नेहमी एकाच बाजूनं व्हायची, आत डोकी जास्त आणि कागदावर कमी. हे आजचं उलटं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. उलट्या चोरीत चोराला काय मिळतं तेच त्यांना उमगत नव्हतं, आणि न उमगणाऱ्या गोष्टीइतका संशय त्यांना दुसऱ्या कशाचा येत नसे.

सिनेमा म्हणावा तर पडलेला. 'निर्वात' नावाचा, दोन वर्षं गाजवत आणलेला, उन्हाळ्याच्या सुट्ट्या धरून लावलेला. त्यात दूरच्या ग्रहावरून एक संदेश येतो, शास्त्रज्ञ त्याचा अर्थ लावतात की हल्ला होणार, मग नायक यानं घेऊन निघतो आणि पुढचा दीड तास फक्त स्फोट. शुक्रवारी पोरं शिट्ट्या मारत आली, शनिवार-रविवार बरे गेले, सोमवारी सगळीकडे भुईसपाट. नागपूरला नऊ खेळांचे दोन राहिले. यवतमाळला मंगळवारीच पोस्टर उतरवलं. दारव्ह्यातही तीनच्या खेळाला चौदा, सहाला बावीस, नऊला नऊ अशी डोकी. एकट्या दुपारी बाराच्या खेळाला, ज्या वेळी गावातलं कुत्रंही सावली सोडत नाही, सोमवारी एकशे आठ तिकिटं आणि आज एकशे त्रेचाळीस. सोमवारी दुपारी गुणवंतराव ऊन लागून लॉजवर पडून होते. त्या खेळाची मोजणी त्यांनी दारवानाच्या तोंडी आकड्यावर भरली होती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

दारवान उकंडाभाऊ. साठीचा, हडकुळा, पांढरा सदरा, खिशाला निळा पेन. मालक यवतमाळला राहायचा आणि टॉकीज या माणसाच्या जिवावर चालायची. तिकिटं तोच फाडायचा, कूलरात पाणी तोच भरायचा, आणि कुणी पडद्यासमोर मोबाइल धरला की आडदांड पोरांनाही बखोटीला धरून बाहेर काढायचा. गेल्या वर्षी म्हणे कुणी चोरून सिनेमा उतरवला आणि टॉकीजला दोन महिने सील लागलं, तेव्हापासून त्यानं मोबाइलचा धसकाच घेतला होता. गुणवंतरावांनी बाहेर येऊन त्याला विचारलं, एकशे त्रेचाळीस माणूस गेलं कुठं. उकंडाभाऊनं बादली खाली ठेवली, हात सदऱ्याला पुसले आणि म्हणाला, "आलते साहेब. तिकीट फाडलं म्या एकेकाचं. गेले असतील."

"कुठं गेले असतील? अर्धा सिनेमा टाकून?"

"पटला नसंल त्याइले. मलेबी नाही पटला." आणि बादली उचलून तो चालू लागला.

एवढं साधं उत्तर. गुणवंतरावांना साधी उत्तरं आवडत नसत. त्यांनी टॉकीजला एक वळसा घातला. मागच्या अंगाला बायकांच्या बाजूचं दार होतं, त्याचा अडसर काढलेला. दाराबाहेरच्या मातीत पावलंच पावलं, आणि पलीकडे कंपाउंडच्या कोपऱ्यात गाडीच्या चाकांचे ताजे वळसे. वाकून त्यांनी पावलं पाहिली. सगळी बाहेर जाणारी. त्यांना निवडणुकीच्या सभा आठवल्या, टेम्पो भरून आणलेली माणसं, नेता बोलायला उभा राहिला की टाळ्या आणि हजेरी झाली की मागच्या मागं पसार. भाड्याची माणसं. आजकाल मोठ्या शहरांत सिनेमावाले स्वतःच स्वतःची तिकिटं काढून हाउसफुल्ल दाखवतात अशी कुजबुज त्यांच्याही कानावर होती. पण तिथं माणसं तरी आणत नाहीत, नुसते आकडे. इथं दारव्ह्यात, या उन्हात, माणसं कोण आणतंय? आणि उकंडाभाऊ त्यांना मागचं दार उघडून देतो म्हणजे तो त्यात आहे. ही ओळ त्यांच्या मनात आपोआप लिहिली गेली, अहवालात लिहितात तशी: सदर इसम सामील असावा.

संध्याकाळी अमरावतीहून प्रेमबाबूंचा फोन आला. प्रेमबाबू म्हणजे कंपनीचे मालक, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारे, शब्द मोजून वापरणारे. त्यांनी सोमवारचा आणि आजचा आकडा पाहिला होता. सगळ्या सर्किटमध्ये पिक्चर मेलेला असताना दारव्ह्याला काय अमृत मिळालं, असं त्यांनी विचारलं. कुणी आपला काळा पैसा तिकिटांत धुऊन घेत असेल तर उद्या कंपनीचं नाव पेपरात येईल, असंही म्हणाले. गुरुवारी सायंकाळपर्यंत अहवाल हवा. आकडा बोगस असेल तर शुक्रवारी सिनेमा काढायचा आणि त्या दारवानाला घरी बसवल्याशिवाय मनोरमाला पुढचा एकही सिनेमा द्यायचा नाही. हे सगळं ते थंडपणे बोलले आणि शेवटी म्हणाले, "गुणवंतराव, सोमवारी गिनती आप ने खुद की थी ना?" गुणवंतरावांच्या तोंडून हो गेलं. फोन ठेवल्यावर लॉजच्या पलंगावर बसून ते आपल्याच 'हो'कडे पाहत राहिले. दुसऱ्या कुणी असा हो म्हटला असता तर त्यांनी तो लगेच पकडला असता.

बुधवारी ते साडेअकरालाच खिडकीसमोरच्या पानटपरीच्या आडोशाला उभे राहिले. पावणेबाराला एक मालवाहू गाडी आली, मग दुसरी, मग बोरी अरबकडून येणारी काळीपिवळी. त्यांतून बायका उतरल्या. म्हाताऱ्या, मध्यम वयाच्या, कडेवर लेकरं घेतलेल्या. काहींच्या अंगावर आरशाची कांचळी, बहुतेकींच्या साध्या साड्या. तांड्यावरच्या बंजारा बायका. पुरुष पाचसात, तेही गाडी चालवणारे. त्या सगळ्यांच्या पुढं एक बाई, चाळिशीची, उंच, पदर कमरेला खोचलेला. तिनं हातवारे करून त्यांना रांगेत लावलं, मोजलं, हो, बोटानं मोजलं, आणि खिडकीत जाऊन एकदम अडतीस तिकिटं घेतली; मागून आणखी गाड्या येतच होत्या. गुणवंतरावांना हवं ते सापडलं. मोजणारी बाई म्हणजे मुकादम. टपरीवाल्याकडून सहज काढून घेतलं तर खरंच ती मुकादम निघाली: लालीबाई, कापूस वेचायला आणि ऊसतोडीला टोळ्या घेऊन जाते, फार खमकी आहे, तिच्या शब्दावर दोनशे माणूस उठतं. आणखी काय हवं होतं? फक्त एक गोष्ट खटकली. तिनं दिलेल्या नोटा दहाच्या, वीसच्या, चुरगळलेल्या, प्रत्येकीच्या पदराच्या गाठीतून सुटलेल्या होत्या. भाडं देणारा अशा नोटा देत नाही. पण माणूस हुशार असला तर मुद्दाम अशाच देईल, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि नियम मोडून, मध्यंतराची वाट न पाहता, त्यांच्या मागोमाग आत जाऊन शेवटच्या रांगेत बसले.

कितीतरी वर्षांनी ते सिनेमा सुरुवातीपासून पाहत होते. सिनेमा त्यांच्या दृष्टीनं कायम दुसऱ्या अर्ध्यात सुरू व्हायचा. कुणाच्या लग्नाआधीचं काय होतं, कोण कुणाचा भाऊ, त्यांना कधीच कळलं नव्हतं. ते आत शिरायचे तेव्हा सगळे आधीच रडत किंवा मारत असायचे. आता पडद्यावर प्रयोगशाळा होती, निळे दिवे, पांढऱ्या कोटातली माणसं इंग्रजी-हिंदी बोलत होती. बायकांचं तिकडे लक्षच नव्हतं. कुणी लेकरू पाजत होती, कुणी तंबाखू मळत होती, दबक्या आवाजात त्यांच्या गोरबोलीत गप्पा चालल्या होत्या, आणि त्या गप्पा गुणवंतरावांना कळत नव्हत्या म्हणून त्यांना त्या कटासारख्या वाटत होत्या. एक म्हातारी तर पडद्याकडे पाठ करून बसली होती. मग लालीबाई उभी राहिली. तिनं नुसता हात वर केला आणि सगळा हॉल चूप झाला. लेकरंसुद्धा. पडद्यावरचा शास्त्रज्ञ कानाला यंत्र लावून म्हणाला की संकेत येतो आहे.

आणि एक बाईचा आवाज आला. म्हातारा, किंचित घोगरा, यंत्रातून घुमवलेला, मागं कसलीशी खरखर. अर्थ काहीच नाही. शास्त्रज्ञ एकमेकांकडे घाबरून पाहत होते, पडद्यावर आकडे पळत होते, आणि तो आवाज चढत होता, वरच्या एका स्वराला जाऊन तिथं थरथरत थांबत होता आणि एकदम हुंदक्यासारखा खाली पडत होता. हा चढउतार गुणवंतरावांनी कुठंतरी ऐकलेला होता. त्यांचे वडील कीर्तनात पेटी धरायचे. लहानपणी बुक्क्याची वाटी गुणवंतकडे असायची. पूर्वरंग संपला, निरूपण थांबलं, बुवांच्या गळ्यात हार पडला की सभेत फिरून प्रत्येकाच्या कपाळाला बुक्का लावायचा, आणि घरी जाताना वडील विचारायचे, किती कपाळं झाली रे. मोजण्याची सवय त्यांना तिथं लागली, आणि ऐकण्याचीही. उत्तररंगात अक्रूर रथ घेऊन गोकुळात यायचा, देव निघायचा, आणि बुवा गौळणींचं रडणं गायचे. बोलत नसत, गात. रडणं सुरात बसवलं की ते आपल्या एकट्याचं राहत नाही, सगळ्यांचं होतं, असं बुवा म्हणायचे. तिसरीतल्या पोराला ते कळलं नव्हतं, पण ते रडणं कसं चढतं आणि कुठं मोडतं हे कानाला कायमचं कळून गेलं होतं. हे तेच होतं. परग्रहावरून येणारी धमकी नव्हती ही. कुणीतरी कुणाला तरी सोडून जात होतं आणि ते गाऊन सांगत होतं.

त्यांनी समोर पाहिलं. अंधारात बायका दोघीदोघी करून एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. कुणाच्या खांद्यावर कुणाची हनुवटी. पाठीवरून हात फिरत होते. म्हाताऱ्यांच्या ओठांची हालचाल होत होती. एक तरुण मुलगी मात्र कुणाच्याही गळ्यात नव्हती; ती खुर्चीच्या टोकाला ताठ बसून, डोळे मिटून, तो आवाज पिऊन घेत असल्यासारखी ऐकत होती. दीड मिनिट झालं असेल नसेल. मग पडद्यावर नायकानं कसलंसं बटण दाबलं, स्फोट झाला आणि तो आवाज मध्येच, एका ओळीच्या मध्येच, तुटला. लगेच सगळ्या उठल्या. कुणी कुणाशी बोलेना. घाईनं, पण पावलांचा आवाज न करता, भरलेली घागर घेऊन जावं तशा त्या बायकांच्या दाराकडे निघाल्या, आणि उकंडाभाऊनं अडसर काढून दार उघडून धरलं.

गुणवंतराव धावले. दारात आडवा हात घातला तेव्हा बाहेर फक्त लालीबाई आणि ती मुलगी जायच्या राहिल्या होत्या. हा काय तमाशा चालला आहे, किती घेऊन माणसं आणता, कोण देतं, असं त्यांनी एका दमात विचारलं. लालीबाईनं ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांचा हात हळूच बाजूला केला. मुलगी खाली मान घालून पुढं निघून गेली. ती लांब गेल्यावरच लालीबाई बोलली.

"बोलू नका साहेब आत्ता तिच्याजवळ. कानातून निघून जाते मग. माही पोरगी हाय ते, राखी. पुढच्या बुधवारी लगन हाय तिचं."

"मग सिनेमा कायले पाहता रोज?"

"शिनेमा कोण पाह्यते. तो आवाज माह्या याडीचा हाय. माह्या मायचा. सुखीबाई. मरून चार वर्सं झाली तिले."

गुणवंतराव हसले. हसणं त्यांच्या धंद्यातलं हत्यार होतं, समोरचा गडबडतो. लालीबाई गडबडली नाही. तिनं उन्हात उभं राहून, हिशेबी माणूस बोलतो तसं एकेक सांगितलं. पंधरासोळा वर्षांपूर्वी तांड्यावर कुणी एक माणूस यंत्र घेऊन आला होता, म्हाताऱ्यांची गाणी भरून घेत होता. सुखीबाईचा ढावलो त्यानं भरून नेला. ढावलो म्हणजे नवरीनं बापाचं घर सोडताना गायचं रडणं. एकेकीच्या गळ्यात पडून गायचं, आणि ज्या बाईच्या गळ्यात पडली तिनंही रडायचं. ते शिकवावं लागतं. आजूबाजूच्या सात तांड्यांत पोरींना ते शिकवायला सुखीबाईलाच बोलवायचे. तिची चाल तिचीच होती. तो माणूस पुन्हा आला नाही. त्याच्याकडून ते कुणाकडे गेलं, सिनेमावाल्यांना कसं सापडलं, देव जाणे. गेल्या शनिवारी राखी कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर पिक्चरला आली आणि मधूनच उठून रडत घरी गेली, की आजी बोलून राह्यली.

"तुम्हाला येतच असेल की ते. मायचंच आहे तर," गुणवंतराव म्हणाले. त्यांना वाटलं, पकडलं.

"मी पळून गेलते," लालीबाई म्हणाली. "माहा ढावलो झालाच नाही. मायनं शिकवला नाही मले, अन् मंग सात वर्सं बोलली नाही. बोलली तवा शिकायचं वय राह्यलं नव्हतं. आता पोरगी म्हणते, डीजे नको, आजीचा ढावलो पाह्यजे." तिनं पदरानं गळ्याचा घाम पुसला. "तिच्याकून शिकलेल्या बाया हायेत ना अजून. पन कोनाले एक ओळ ध्यानात, कोनाले दोन. डीजे आल्यावर कोन गाते? शिनेमात अर्धाच हाय. तो आयकला की चाल गरम असते, तवाच लिंबाखाली बसून पुढचं जुळवतो आम्ही. रोज दोनतीन ओळी गावतात. कालच्यानं सहा झाल्या. मोबाइलात घ्यावं तं उकंडाभाऊ घेऊ देत नाही, अन् एकीनं घेतलं तं नुसते बाम फुटल्याचे आवाज आले."

कंपाउंडच्या पलीकडे, रिकाम्या प्लॉटमधल्या मोठ्या कडुनिंबाखाली त्या सगळ्या बसल्या होत्या. गुणवंतराव भिंतीआड उभे राहिले. राखी गायला लागली, आणि जिथं बटण दाबलं होतं तिथं, ओळीच्या मध्ये, येऊन थांबली. मग एक म्हातारी पुढचा तुकडा म्हणाली, दुसरीनं मान हलवून नाही म्हटलं आणि वेगळा म्हटला, दोघींत थोडी बाचाबाची झाली, एकीनं दुसरीला तू तर लग्नात रडलीच नव्हती असं काहीसं सुनावलं असावं, कारण सगळ्या हसल्या. उकंडाभाऊ पाण्याचा जग घेऊन जाताना गुणवंतरावांपाशी थांबला. त्यानं कालच का सांगितलं नाही, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला की सांगितलं असतं तर साहेबांना खरं वाटलं असतं का. आणि वाटलं असतं तर ते आणखी वाईट.

ते काय वाईट हे गुणवंतरावांना रात्रभर कळत होतं आणि नव्हतं. त्यांचा संशय काही एका दुपारीत मरणारा नव्हता. कुणी सांगावं, लालीबाईनं त्यांच्यासाठी रचलेली गोष्ट असेल. रडणाऱ्या बायका सभांनाही मिळतात. आवाज कुठल्याही म्हातारीचा असू शकतो. यंत्रातून घुमवल्यावर कुणाची आई कशी ओळखायची? पण प्रत्येक वेळी तर्क इथवर आला की तो स्वर वर जाऊन थरथरत थांबायचा, आणि कान म्हणायचा, नाही. पोटातली कळ एक सांगत होती आणि कान दुसरं, आणि एकतीस वर्षं त्यांनी कानाला कधी विचारलंच नव्हतं. मग त्यांना जालन्याकडचा एक दारवान आठवला. नाव विसरले होते. सत्तावीस तिकिटांच्या फरकावरून त्यांनी त्याच्याविरुद्ध लिहिलं होतं, आणि नंतर कळलं होतं की त्या दिवशी मध्यंतरात गावात आग लागली म्हणून माणसं उठून गेली होती. दुरुस्तीचं पत्र त्यांनी लिहिलं नव्हतं. अहवाल बरोबरच होता, डोकी खरंच कमी होती.

गुरुवारी सकाळी त्यांनी प्रेमबाबूंना फोन केला आणि सांगितलं की आकडा खरा आहे, माणूस येतं, मध्यंतराआधी निघून जातं. का जातं, असं प्रेमबाबूंनी विचारलं. इथं सांगायचं होतं. सांगितलं की काय होईल ते गुणवंतरावांना डोळ्यांपुढं दिसत होतं, कारण प्रेमबाबूंना ते ओळखून होते. मेलेल्या सिनेमाला असा जीव मिळाला तर ते सोडतील का? परग्रहाची भाषा दारव्ह्याच्या तांड्यावर, असे फलक लागतील. कॅमेरे कडुनिंबाखाली येतील, मग लग्नात, मग राखीच्या तोंडासमोर माइक. किंवा याच्या उलट, मुंबईचे सिनेमावाले घाबरतील, कुठली बाई, परवानगी कुठे, आणि ते दीड मिनिट रातोरात कापून टाकतील. आता काय, एक बटण दाबलं की सगळ्या पडद्यांवरचं एकदम बदलतं. दोन्हीकडून पोरीचा ढावलो गेला. उकंडाभाऊ म्हणाला होता ते हे.

"उकाडा आहे," गुणवंतराव म्हणाले. "दोन घटका थंडाव्याला बसतात."

"एक सौ चालीस लोग, पूरा टिकट निकाल के, आधा घंटा कूलर की हवा खाने?" प्रेमबाबू हसलेही नाहीत. "ठीक है. आज बारा के शो का फोटो भेजिए. इंटरव्हल से पहले. मुझे सिर दिखने चाहिए."

बाराच्या खेळाला ते पुन्हा शेवटच्या रांगेत बसले. एकशे एकसष्ट तिकिटं होती. उकंडाभाऊनं त्यांच्या हातात मोबाइल पाहिला, एक क्षण पाहतच राहिला, पण कंपनीच्या माणसाला बखोटीला कसं धरणार. तो दाराशी जाऊन पाठ करून उभा राहिला. लालीबाईचा हात वर झाला. आवाज आला. गुणवंतरावांनी मोबाइल उचलला. अंधारात फोटो येणार नव्हता, झगझगीत उजेड टाकावा लागणार होता, आणि त्या उजेडात काय काय सापडेल ते आधीच दिसत होतं: उघडी तोंडं, गळ्यात गळे, मिटलेले डोळे दचकून उघडलेले. त्यांच्यासमोरच्याच रांगेत एक फार म्हातारी बाई एकटी होती, तिची जोडीदारीण आज आली नसावी. तिनं दोन्ही हात पुढं केले होते आणि ते रिकामेच होते. गुणवंतरावांचा अंगठा काचेवर होता. सुखीबाई, जी कोण असेल ती, वरच्या स्वराला पोचली आणि थांबली. त्यांनी मोबाइल उपडा करून मांडीवर ठेवला. नंतर त्यांच्या लक्षात आलं की त्या म्हातारीच्या खांद्यावर आपण हात ठेवला आहे आणि तिनं मागं वळूनही न पाहता तो धरला आहे.

स्फोट झाला. त्या गेल्या. मध्यंतरानंतर दहा मिनिटांनी त्यांनी रीतीप्रमाणे मोजलं तर नऊ भरले.

संध्याकाळी त्यांनी सांगितलं की फोटो काढता आला नाही. प्रेमबाबू शुद्ध मराठीत बोलले, जे ते फक्त नोकराला काढताना बोलत. "गुणवंतराव, तुमचा वाटा किती?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी किती जणांना, किती प्रकारांनी विचारला होता, आणि समोरच्या माणसाचं तोंड कसं व्हायचं. तसं आपलं होऊ नये म्हणून त्यांनी लॉजच्या खोलीतल्या आरशाकडे पाठ केली. हो म्हटलं असतं तर प्रकरण तिथंच मिटून सिनेमा उद्या उतरला असता. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. ते काहीच बोलले नाहीत. ते न बोलणं बरोबर जसं ऐकू जायला हवं तसंच, चोराचं, तिकडे ऐकू गेलं. प्रेमबाबू म्हणाले, उद्या सिनेमा काढायचा नाही, काढला तर पुरावा जाईल. संघदीपला पाठवतो, तो पूर्ण आठवडा, पुढच्या गुरुवारपर्यंत, रोज मोजेल, तोवर गुणवंतरावांनी तिथंच राहायचं आणि कागदाला हात लावायचा नाही. पूर्ण आठवडा. गुणवंतरावांनी मनात बुधवार मोजला आणि फक्त "बरं" म्हणाले.

शनिवारी संघदीप आला. चाळिशीचा, कामाला चोख, सातआठ वर्षांपूर्वी गुणवंतरावांनीच त्याला हे काम शिकवलेलं. पाया पडावं की नाही याचा त्याला निर्णय करता आला नाही, म्हणून त्यानं नुसती मान हलवली. नियम त्याला पाठ होता. बाराच्या खेळाला मध्यंतर झाल्यावर दहा मिनिटांनी तो आत गेला, दोनदा मोजून बाहेर आला आणि खिडकीवरचा कागद पाहिला. एकशे अठ्ठ्याहत्तर. मग तो टॉकीजला वळसा घालून मागं गेला, दाराचा अडसर पाहिला, मातीतल्या पावलांवर वाकला. कडुनिंबाखालून गाण्याचा आवाज येत होता.

"काका, ह्या बाया कायले गाऊन राह्यल्या?"

"लग्नसराई आहे," गुणवंतराव म्हणाले.

संघदीपनं ते लिहून घेतलं. मग तो सरळ उभा राहिला आणि त्यानं गुणवंतरावांकडे पाहिलं, आधी चपलांकडे, मग खिशाकडे, मग डोळ्यांत. हे पाहणं त्यांनीच त्याला शिकवलं होतं. "तुम्ही सांगून टाका ना काका," तो अगदी मायेनं म्हणाला, "मी सांभाळून लिहीन. किती दिले त्याइनं तुम्हाले?"

भिंतीपलीकडे राखी पुन्हा पहिल्यापासून गायला लागली होती. ती स्फोटाच्या जागेपाशी आली, आणि न थांबता पुढं गेली, एक ओळ, दोन, तिसरीवर कुणीतरी तिला सुधारलं आणि तिनं ती पुन्हा घेतली. गुणवंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. संघदीपनं तेही पाहिलं. त्याला काय वाटलं असेल हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ उमटलं, आणि त्यानं कीव येऊन नजर खाली वळवली.

"रोज मोज," गुणवंतराव म्हणाले, "बुधवारपर्यंत एकही खेळ सोडू नको."